नाशिकचे बिनविरोध खासदार यशवंतराव चव्हाण : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

१२ मार्चची जयंती किंवा २५ नोव्हेंबरची पुण्यतिथी जवळ आली की नाशिकच्या अभ्यासिकांमध्ये आणि मुक्त विद्यापीठाच्या केंद्रांवर यशवंतरावांबद्दल तेच ते प्रश्न फिरायला लागतात. काही परीक्षेसाठी असतात, काही चहाच्या टपरीवरच्या वादासाठी. मुख्यमंत्री यशवंतराव बहुतेकांना पाठ असतात. खासदार यशवंतराव, म्हणजे त्यांच्या आयुष्याची शेवटची एकवीस वर्षं, फारसं कोणी वाचत नाही. म्हणून इथे भर त्या वर्षांवर दिला आहे.

यशवंतराव खरंच नाशिकचे खासदार होते का? ते तर कराडचे ना?

दोन्ही खरं. घर कराडला, राजकारणाची मुळं साताऱ्यात, पण लोकसभेत ते पहिल्यांदा गेले ते नाशिकमधून. १९६३ च्या पोटनिवडणुकीत ते इथून बिनविरोध निवडून आले. १९६७ ची सार्वत्रिक निवडणूक त्यांनी साताऱ्यातून लढवली आणि पुढे अखेरपर्यंत सातारा सोडला नाही. म्हणजे नाशिकच्या वाट्याला ते आले चार वर्षांच्या आसपास. हा काळ मात्र साधासुधा नव्हता. चीनच्या धक्क्यातून सावरणारं सैन्य, १९६५ चं पाकिस्तानशी युद्ध, ताश्कंदचा करार, या सगळ्या काळात देशाचा संरक्षणमंत्री नाशिकचा खासदार होता.

मग साताऱ्याऐवजी नाशिकच का?

जागा इथे रिकामी होती म्हणून. नोव्हेंबर १९६२ मध्ये त्यांना मुंबईहून तातडीने दिल्लीला बोलावलं गेलं, तेव्हा ते राज्याचे मुख्यमंत्री होते, खासदार नव्हते. केंद्रात मंत्री राहायचं तर सहा महिन्यांच्या आत संसदेच्या कोणत्या तरी सभागृहाचं सदस्य व्हावंच लागतं. साताऱ्याची लोकसभेची जागा १९६२ मध्ये किसन वीर यांनी जिंकली होती, म्हणजे ती भरलेली होती. नाशिकची जागा गोविंद हरी देशपांडे यांच्याकडे होती, ती रिकामी झाली आणि यशवंतराव इथे आले.

नाशिकवर त्यांचं काही खास प्रेम होतं म्हणून ते आले, असं सांगणारे भेटतात. त्यात गोडवा आहे, पण सरळ कारण पुरेसं असताना गोड कारण शोधण्याची गरज नाही.

बिनविरोध म्हणजे मतदानच झालं नाही?

नाही झालं. अर्ज माघारीची मुदत संपल्यावर एकच उमेदवार उरला तर निवडणूक अधिकारी त्याला तिथेच विजयी घोषित करतो. नाशिककरांनी यशवंतरावांना बोटाला शाई लावून निवडून दिलं, असं कोणी भाषणात म्हणालं तर ते चूक.

हा बिनविरोधपणा समजायचा तर या मतदारसंघाचा आधीचा इतिहास बघायला हवा. १९५७ मध्ये संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत याच नाशिकने काँग्रेसला पाडून दादासाहेब गायकवाडांना लोकसभेत पाठवलं होतं. हेच ते काळाराम मंदिर सत्याग्रहातले आणि पुढे भूमिहीनांच्या सत्याग्रहांतले दादासाहेब. त्या वेळी यशवंतराव मराठी-गुजराती द्वैभाषिक मुंबई राज्याचे मुख्यमंत्री, म्हणजे आंदोलकांच्या लेखी थेट समोरच्या बाजूचे. सहाच वर्षांत त्याच मतदारसंघात त्यांच्याविरुद्ध कोणी उभं राहिलं नाही. यात युद्धाच्या वातावरणाचा वाटा आहे, १९६० मध्ये मिळालेल्या राज्याचाही आहे. आणि विरोधकाशी बोलणं कधीही न तोडण्याच्या त्यांच्या सवयीचाही आहे, असं मला वाटतं. ‘बेरजेचं राजकारण’ म्हणतात ते हेच. या सवयीने त्यांना काय दिलं आणि तिची किंमत काय मोजावी लागली, ते पुढच्या बऱ्याच उत्तरांत येईल.

एकूण किती वर्षं खासदार होते?

१९६३ ते १९८४, सलग. तिसऱ्या लोकसभेपासून सातव्या लोकसभेपर्यंत, पाच लोकसभा. पहिली नाशिकमधून, बाकी १९६७, १९७१, १९७७ आणि १९८० च्या निवडणुका साताऱ्यातून. त्याआधी १९४६ पासून १९६२ पर्यंत ते विधानसभेत होते.

जन्म, बालपण, शिक्षण?

जन्म १२ मार्च १९१३, देवराष्ट्रे. तेव्हा सातारा जिल्हा, आता सांगली. हे त्यांचं आजोळ. वडील बळवंतराव कोर्टात बेलिफ होते, ते लहानपणीच गेले. आई विठाईंनी कष्ट करून मुलं वाढवली. शिक्षण कराडच्या टिळक हायस्कूलमध्ये, मग कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजातून १९३८ मध्ये बी. ए., पुण्यातून १९४१ मध्ये एलएल. बी. शाळेत गुरुजींनी ‘तू कोण होणार?’ विचारल्यावर मुलांनी थोर पुढाऱ्यांची नावं घेतली आणि यशवंताने ‘मी यशवंतराव चव्हाण होणार’ असं उत्तर दिलं, ही गोष्ट सगळ्यांना माहीत असतेच.

स्वातंत्र्यलढ्यात तुरुंगात गेले होते का?

दोनदा. १९३२ मध्ये झेंडावंदन केल्याबद्दल अठरा महिन्यांची शिक्षा झाली तेव्हा ते शाळकरी वयाचे होते. येरवड्याच्या तुरुंगातल्या वाचनाने आणि चर्चांनी त्यांना घडवलं. पुढे काही काळ ते मानवेंद्रनाथ रॉय यांच्या विचारांकडेही ओढले गेले. दुसऱ्यांदा १९४२ च्या आंदोलनात. सातारा जिल्ह्यात ते भूमिगत होते. २ जून १९४२ ला वेणूताईंशी लग्न झालं आणि दोनच महिन्यांत नवरा भूमिगत. नव्या नवरीला पोलिसांनी धरून नेलं. वेणूताईंच्या प्रकृतीवर त्या काळाचा झालेला परिणाम जन्मभर राहिला.

मुख्यमंत्री म्हणून त्यांच्यावर इतकी टीका का झाली होती?

१ नोव्हेंबर १९५६ ला ते मुख्यमंत्री झाले ते मुंबईच्या द्वैभाषिक राज्याचे, म्हणजे मराठी आणि गुजराती एकत्र असलेल्या राज्याचे. मराठी माणूस संयुक्त महाराष्ट्रासाठी रस्त्यावर, गोळीबारात माणसं गेलेली, आणि हा मराठी पुढारी नेहरूंच्या बाजूने उभा. नेहरूंना महाराष्ट्रापेक्षा मोठं मानल्याचा ठपका त्यांच्यावर कायमचा बसला. १९५७ ला पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसची धूळधाण उडाली, खुद्द कराडमध्ये ते अगदी थोडक्यात वाचले. त्याच वर्षी ३० नोव्हेंबरला नेहरू प्रतापगडावर शिवाजी महाराजांच्या पुतळ्याच्या अनावरणाला आले, तेव्हा संयुक्त महाराष्ट्र समितीने प्रचंड निदर्शनं केली.

त्यांची बाजू अशी की दिल्लीला शिव्या घालून राज्य मिळणार नाही, पटवून मिळेल. १ मे १९६० ला राज्य मिळालं. ते आंदोलनामुळे मिळालं की पटवण्यामुळे, यावर महाराष्ट्रात अजून भांडण होतं. माझं मत : आंदोलन नसतं तर पटवायला काही कारणच उरलं नसतं, आणि पटवणारा कोणी नसता तर आणखी काही वर्षं गेली असती. हुतात्म्यांचं श्रेय मंगलकलशात बुडवू नये, एवढं मात्र नक्की.

त्या काळातलं आज काय दिसतं?

बरंच. जिल्हा परिषद आणि पंचायत समिती त्यांच्या काळातल्या १९६१ च्या कायद्याने आल्या आणि १ मे १९६२ पासून सुरू झाल्या. त्यासाठीची समिती वसंतराव नाईकांची. महार वतनं रद्द करणारा कायदा १९५८ चा. ही मागणी बाबासाहेब कित्येक वर्षं करत होते. बौद्ध धर्म स्वीकारलेल्यांच्या सवलती राज्यात चालू ठेवण्याचा निर्णयही त्यांचाच. पालकाचं वार्षिक उत्पन्न बाराशे रुपयांच्या आत असेल तर फी माफ, या सवलतीवर खेड्यातल्या एका अख्ख्या पिढीने कॉलेज पाहिलं. औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठ १९५८ मध्ये, कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठ १९६२ मध्ये आलं. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या अध्यक्षतेखाली साहित्य संस्कृती मंडळ स्थापन झालं आणि त्यातून मराठी विश्वकोशाचं काम उभं राहिलं. एमआयडीसी, म्हणजे राज्याचं औद्योगिक विकास महामंडळ, १९६२ ची. सातपूरला किंवा अंबडला कामाला जाणारा नाशिककर रोज ज्या चार अक्षरांच्या गेटमधून आत जातो, ती व्यवस्था तेव्हाची.

‘हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला’ म्हणजे काय?

२० ऑक्टोबर १९६२ ला चीनने हल्ला केला, लष्कराची दाणादाण उडाली, संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांना जावं लागलं आणि नेहरूंनी यशवंतरावांना बोलावलं. त्या प्रसंगाचं हे वर्णन मराठी माणसाच्या तोंडी इतकं बसलं की पुढे दिल्लीला जाणाऱ्या कुठल्याही पुढाऱ्याला ते चिकटवलं जातं. प्रत्यक्षात ते खात्यात रुजू होईपर्यंत चीनने एकतर्फी युद्धबंदी जाहीर केली होती. त्यांच्यासमोर उरलं होतं पराभवानंतरचं काम : सेनापती आणि मंत्री यांच्यातला तुटलेला विश्वास जोडणं, फौज आणि शस्त्रसामग्री वाढवणं. या कामात फोटो निघत नाहीत. मेनन सेनाधिकाऱ्यांना फटकारत, यशवंतराव त्यांचं ऐकून घेत, आणि तीन वर्षांनी त्याचा उपयोग झाला.

१९६५ च्या युद्धात त्यांनी नेमकं काय केलं?

१ सप्टेंबर १९६५ ला छांब भागात पाकिस्तानी रणगाडे घुसले. विमानदल वापरायचं की नाही, हा राजकीय निर्णय होता, कारण त्याने युद्ध पसरणार होतं. हवाई दलप्रमुख अर्जनसिंग त्यांच्याकडे आले आणि परवानगी काही मिनिटांत मिळाली. त्याच संध्याकाळी विमानं उडाली. त्यांच्यावर निर्णय टाळण्याचा आरोप करणाऱ्यांनी हा दिवस जरूर आठवावा. पंतप्रधान शास्त्रींबरोबर ते ताश्कंदलाही होते. ११ जानेवारी १९६६ ला शास्त्री तिथेच गेले.

ओझरचा मिगचा कारखाना यशवंतरावांनी नाशिकला आणला ना?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न, आणि उत्तर दोन्ही बाजूंना थोडं नाराज करणारं आहे. मिग-२१ हे लढाऊ विमान भारतात बनवण्याचा सोव्हिएत रशियाशी करार १९६२ च्या ऑगस्टमधला, म्हणजे मेनन यांच्या काळातला. तो यशवंतरावांच्या नावावर टाकता येत नाही. प्रत्यक्ष उभारणी मात्र त्यांच्या कारकिर्दीत झाली. विमानाचा सांगाडा आणि जुळणी नाशिकला, इंजिन ओडिशात कोरापुटला, इलेक्ट्रॉनिक्स हैदराबादला अशी कामाची वाटणी झाली. १ ऑक्टोबर १९६४ ला हिंदुस्तान एरोनॉटिक्स (एचएएल) ही कंपनी अस्तित्वात आली आणि ओझर तिच्या नकाशावर आलं. संरक्षणमंत्री आणि स्थानिक खासदार ही एकच व्यक्ती असताना हे घडलं, त्यामुळे नाशिककर श्रेय देतात ते अगदीच हवेतलं नाही.

निफाड-दिंडोरीतल्या शेतकऱ्यांच्या घरांमध्ये ‘एचएएलला लागला’ या दोन शब्दांनी काय बदललं, त्याचा हिशेब कोणी मांडलेला नाही. मिग-२१ हवाई दलातून २६ सप्टेंबर २०२५ ला निवृत्त झालं. ओझरला मात्र अजून ‘मिग’च म्हणतात.

गृहमंत्री म्हणून लक्षात ठेवावं असं काय?

नोव्हेंबर १९६६ ते जून १९७०. बेकायदेशीर कृत्यं प्रतिबंधक कायदा, ज्याची आज यूएपीए म्हणून रोज चर्चा असते, तो मुळात १९६७ चा, त्यांच्या काळातला. स्पर्धा परीक्षेच्या मुलांना हे हमखास सुटतं.

पण मला जास्त रस आहे तो पक्षांतराच्या समितीत. १९६७ नंतर राज्याराज्यांत आमदार कोलांट्या मारू लागले, हरियाणातल्या गयालालवरून ‘आयाराम गयाराम’ रूढ झालं. यावर उपाय सुचवायला लोकसभेच्या ठरावानुसार जी समिती नेमली तिचे अध्यक्ष गृहमंत्री चव्हाण. १९६९ मध्ये अहवाल आला. पक्ष सोडणाऱ्याला ठरावीक काळ मंत्रिपद देऊ नये, असा त्यातला एक विचार. कायदा व्हायला १९८५ उजाडलं, तोवर ते गेले होते. आणि मधल्या काळात त्यांनी स्वतः काँग्रेसच्या तुकड्यांमधून कसा प्रवास केला, ते खाली येतंच.

ते अर्थमंत्री होते, मग नोटांवर त्यांची सही होती का?

नाही. नोटेवर सही रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरची असते, एक रुपयाच्या नोटेवर अर्थसचिवांची. अर्थमंत्र्यांची कुठेच नसते. नाशिकरोडचे नोटा छापणारे प्रेस त्या वेळी अर्थ खात्याच्याच अखत्यारीत होते, त्यातून हा समज आला असावा.

अर्थमंत्री म्हणून काळ १९७० ते १९७४, आणि तो वाईट काळ होता : बांगलादेशचे निर्वासित, युद्ध, १९७२ चा दुष्काळ, तेलाचा भडका. १९७३-७४ च्या अर्थसंकल्पात साडेपाचशे कोटींची तूट होती, म्हणून त्याला ‘ब्लॅक बजेट’ म्हणतात. सर्वसाधारण विम्याचं राष्ट्रीयीकरण याच काळातलं.

परराष्ट्रमंत्री म्हणून?

१९७४ ते १९७७. एक गोष्ट पुरेशी आहे. १९६२ नंतर भारत-चीन यांच्यात राजदूत नव्हते. १९७६ मध्ये ते पुन्हा नेमले गेले, भारताकडून के. आर. नारायणन गेले. चीनच्या युद्धाने ज्यांना दिल्लीत आणलं, त्यांच्याच हातून हे झालं.

आणीबाणीला त्यांनी विरोध का केला नाही?

मंत्रिमंडळात होते, आणि मंत्रिमंडळातच राहिले. मनातून त्यांना ती पटली नव्हती, असं त्यांची बाजू घेणारे सांगतात. मनात काय होतं याला संसदीय राजकारणात फार किंमत नसते. ज्या माणसाने तरुणपणी झेंड्यासाठी तुरुंग भोगला, त्याचं हे मौन त्याच्या कारकिर्दीतली सर्वात कमकुवत जागा आहे, असं म्हणायला हरकत नसावी.

पंतप्रधान का झाले नाहीत?

संधी जवळून गेली, एकदा तर दारात उभी राहिली. १९६६ मध्ये शास्त्रींनंतर त्यांचं नाव घेतलं जात होतं, त्यांनी इंदिरा गांधींना पाठिंबा दिला. १९६९ मध्ये राष्ट्रपतिपदासाठी काँग्रेसच्या संसदीय मंडळात त्यांनी संजीव रेड्डींच्या बाजूने मत दिलं, म्हणजे इंदिराजींच्या विरुद्ध. पक्ष फुटला तेव्हा मात्र ते इंदिराजींबरोबर राहिले. दोन्ही गटांना त्यांच्याबद्दल शंका आली. ‘कुंपणावरचे’ हे विशेषण तेव्हाचं. वर्षभरात त्यांच्याकडून गृहखातं गेलं, इंदिराजींनी ते स्वतःकडे घेतलं.

मग १९७७. काँग्रेस हरली, साताऱ्यातून ते जिंकले आणि लोकसभेत विरोधी पक्षनेते झाले. या पदाला वेतन आणि दर्जा देणारा कायदा त्याच वर्षीचा. जुलै १९७९ मध्ये मोरारजी सरकारविरुद्धचा अविश्वास ठराव त्यांनीच मांडला, ठरावावर मतदान होण्याआधीच मोरारजींनी राजीनामा दिला, आणि राष्ट्रपतींनी सरकार बनवण्यासाठी पहिलं बोलावणं धाडलं ते यशवंतरावांना. राष्ट्रपती कोण? तेच संजीव रेड्डी. पण संख्याबळ जुळलं नाही. काही दिवसांत त्यांनी तसं कळवलं आणि चरणसिंगांच्या सरकारात ते उपपंतप्रधान आणि गृहमंत्री झाले. ते सरकार लोकसभेला एकदाही सामोरं गेलं नाही.

मुंबईत बेरीज जमली कारण तिथे माणसं त्यांनी स्वतः घडवलेली होती. दिल्लीत त्यांच्यामागे मराठी खासदारांपलीकडे हक्काची फळी कधी उभी राहिली नाही, आणि ती उभी करायला जी भांडणं अंगावर घ्यावी लागतात ती त्यांनी घेतली नाहीत.

१९८० नंतर काय झालं?

१९८० च्या इंदिराजींच्या लाटेत अर्स काँग्रेसतर्फे, म्हणजे इंदिराजींपासून वेगळ्या झालेल्या काँग्रेस गटातर्फे, महाराष्ट्रातून निवडून आलेले ते एकटेच. पुढच्या वर्षी ते इंदिरा काँग्रेसमध्ये परतले, तेही बराच काळ ताटकळल्यावर. त्यांचे जवळचे कार्यकर्ते, शरद पवारांसह, तेव्हा त्यांच्याबरोबर गेले नाहीत. १९८२ मध्ये आठव्या वित्त आयोगाचं अध्यक्षपद मिळालं. मंत्रिपद पुन्हा मिळालं नाही.

१ जून १९८३ ला वेणूताई गेल्या, त्यानंतर ते फार एकटे पडले. आत्मचरित्राचा ‘कृष्णाकाठ’ हा पहिला भाग त्यांनी पूर्ण केला. तो १९४६ पाशी थांबतो. म्हणजे मुख्यमंत्रिपद, नाशिक, दिल्ली यातलं काहीच त्यात नाही. पुढचे भाग लिहायचे राहिले. २५ नोव्हेंबर १९८४ ला दिल्लीत त्यांचं निधन झालं, इंदिराजींच्या हत्येनंतर महिना उलटायच्या आत. अंत्यसंस्कार कराडला, कृष्णा-कोयनेच्या प्रीतिसंगमावर. अपत्य नव्हतं, त्यामुळे घराण्यातला राजकीय वारस हा प्रश्नच आला नाही. मागे राहिली ती मुख्यतः पुस्तकं, ती कराडला आहेत.

नाशिकमध्ये त्यांच्या नावाचं काय काय आहे?

सगळ्यात मोठं म्हणजे गंगापूर धरणाजवळ गोवर्धन शिवारातलं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ, स्थापना १ जुलै १९८९, ब्रीद ‘ज्ञानगंगा घरोघरी’. शाळा सुटलेल्या बायका, पोलीस शिपाई, कारखान्यातले कामगार इथून पदवी घेतात. बाराशे रुपयांच्या फीमाफीचा निर्णय घेणाऱ्याचं नाव त्या पदवीवर असणं मला योग्य वाटतं. शिवाय महापालिकेचं तारांगण त्यांच्या नावाने आहे.

आणि गोदाघाटावरचं यशवंतराव महाराज पटांगण?

त्याचा यांच्याशी काही संबंध नाही. ते देव मामलेदार यशवंतराव महाराज, एकोणिसाव्या शतकातले बागलाणचे मामलेदार. दुष्काळात त्यांनी सरकारी खजिना गोरगरिबांसाठी खुला केला म्हणून लोकांनी त्यांना देव मानलं. त्यांचं मंदिर तिथेच घाटावर आहे.